ऐकलंत का, वरच्यांची गाडी आलीच नाही!

अहो, जरा इकडे या. हो हो, पिशवी ठेवा खाली, मेथी काही लगेच सुकत नाही. ऐकलंत का? वरच्या मजल्यावरच्यांची ती मोठी गाडी, दसऱ्याला यायची होती ना... आलीच नाही! बुकिंग कॅन्सल. आणि कॅन्सल कुणी करायला लावलं असेल? सुनेने!

नाही, नाही, भांडण नाही झालं. म्हणजे झालं, पण आवाज नाही झाला. त्यांच्याकडे भांडण झालं की भांडी जास्त स्वच्छ घासली जातात, त्यावरून मला कळतं. आता आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांची गॅलरी, मध्ये अंतर ते कितीसं! मी काही मुद्दाम कान लावत नाही, येतं ते ऐकू येतं.

तुम्हाला माहितीच आहे त्यांच्याकडे आधी काय काय उभं आहे. सासऱ्यांची जुनी चेतक, जिला दर रविवारी पुसतात आणि परत कव्हर घालतात. मुलाची मोटारसायकल. सुनेची स्कूटी. आणि ती छोटी पांढरी गाडी, तिरकी लावतात म्हणून चेअरमन चिठ्ठी अडकवून जातात ती. घरात माणसं पाच, त्यातलं एक दुसरीत शिकणारं, आणि गाड्या चार. त्यावर पाचवी! कुठे लावणार होते, देव जाणे. मी म्हटलं आता बहुतेक जिन्यात.

पण घ्यायची का होती, ते तरी विचारा. खालच्यांनी अक्षय तृतीयेला घेतली म्हणून! तुम्ही होतात ना त्या दिवशी? लिंबू, नारळ, झेंडूचा हार, पेढे सगळ्या बिल्डिंगला. वरच्या सासूबाईंनी पेढा तोंडात घातला आणि मुलाकडे असं बघितलं... मी तिथेच उभी होते हो. मी तेव्हाच आमच्या ह्यांना म्हटलं, हा पेढा वरच्यांना महाग पडणार.

तर काय सांगत होते... मुलगा चाकणला. कंपनी चांगली, पगार चांगला, पण रोजचं ते नाशिक फाटा, भोसरी, मोशी, आणि पुढे चाकणच्या तळेगाव चौकातलं रामायण. तो म्हणे, मोठी गाडी असली की एसीत बसून तरी अडकेन. यावर सून काय म्हणाली असेल? "अडकणार ते अडकणारच, फक्त जागा जास्त अडवणार." अगदी शांतपणे, पोळी लाटता लाटता. मुलाचा चेहरा असा पडला, असा पडला... मला खिडकीतून दिसला.

सुनेचं ऑफिस लक्ष्मी रोडला. आधी स्कूटीवर जायची, तोंडाला तो स्कार्फ बांधून, नुसते डोळे दिसायचे. हॅरिस पूल, बोपोडी, खडकी, मग युनिव्हर्सिटी चौक नाहीतर संगमवाडी... घरी आली की अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. आता मेट्रोने जाते. मंडईला उतरते, वर येते की ऑफिस. आणि येताना मंडईतून भाजी! सासूबाईंना त्याचंही दुःख. मला म्हणाल्या, "गाडी असून बाई मेट्रोने जाते, लोक म्हणतील नवरा नेत नाही वाटतं." मी म्हटलं, अहो, नवरा चाकणला, ऑफिस मंडईला, नेणार कसा? उलट्या दिशा! पण त्यांना ते पटायचं नाही.

मेट्रोचं तरी बघा ना. २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हा पिंपरीहून येऊन फुगेवाडीला थांबायची आणि तिथूनच मागे फिरायची. आपल्या दापोडीच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत! आपण आपले खांब बघत बसलो होतो. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिव्हिल कोर्टापर्यंत झाली तेव्हा कुठे आपलं स्टेशन उघडलं. आणि गेल्या साली... नाही, त्याच्या आधी, २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला स्वारगेटपर्यंत. तेव्हापासून या सुनेचा स्वभाव बदलला, हे माझं मत आहे. घरी आली की बोलायला लागली. आणि बोलायला लागली म्हणून तर हे सगळं झालं!

तर एका रविवारी काय झालं, सगळे जमले होते. सासूबाईंचे भाऊ आले होते, नगरचे. हो, अहिल्यानगर म्हणायचं आता. मुलाने मोबाईलवर गाडीचे रंग दाखवायला घेतले. पांढरा का काळा, काळा का पांढरा. आणि सून आतून कॅलेंडर घेऊन आली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने हिशोब. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, पेट्रोल, सगळं. आणि म्हणाली, "मामा, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच वाचा." किती हुशार बघा! नवऱ्याच्या हातात नाही दिला, सासूच्या हातात नाही दिला. मामांच्या हातात दिला. आता पाहुण्याला मोठ्याने वाचावंच लागणार ना?

मामा वाचत गेले आणि आवाज बारीक होत गेला...

मुलगा म्हणाला, "अगं, पण चौघांनी बसने जायचं तर चार तिकिटं. गाडी काढली की शंभराच्या पेट्रोलमध्ये सगळे." आता ते काही अगदीच खोटं नाही हो. पीएमपीचं कमीत कमी तिकीट २०२५ च्या जूनपासून पाचाचं दहा झालं. कुटुंब घेऊन निघालं की चारदा पैसे. स्कूटरवर मात्र एक पुढे उभं, एक मध्ये दाबलेलं, एक मागे, तिघांचं भाडं एकच. आपल्याकडे अर्धी पोरं अशीच मोठी झाली. तर मला वाटलं, आता सून गप्प बसणार.

पण ती काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "पेट्रोल शंभराचं, पण त्या दिवशीचा हप्ता? विमा? गाडी दारात उभी राहिली की तो खर्च आपण विसरतो आणि मग प्रत्येक फेरी फुकट वाटते. फुकट वाटलं की फेऱ्या वाढतात. त्यामुळे रोज सकाळी बस का गाडी असं ठरवता येत नाही. जे ठरवायचं ते आत्ताच, घ्यायच्या आधी."

मामांनी चष्मा काढला. सासूबाईंनी पोह्यांची बशी उगाचच पुसली. आणि मी... मी कुकरची शिट्टी बंद केली, ऐकू येईना म्हणून.

आणि मग बोलले कोण? सासरे! जे कधी बोलत नाहीत ते. टेल्कोत अख्खी नोकरी गेली त्यांची, पिंपरीला. म्हणाले, "मी तीस-बत्तीस वर्षं गाड्या बनवल्या. रोज कंपनीच्या बसने गेलो, कंपनीच्या बसने आलो. डबा मांडीवर. मला कुणी विचारलं नाही, गाड्या बनवतोस तर तुझी गाडी कुठे." बास. एवढंच बोलले आणि चहाला हात लावला. पोरगं बघतच राहिलं. कारण त्याच्याही कंपनीची बस आहे की! नाशिक फाट्याला थांबते. तो म्हणायचा, लवकर निघते, झोप होत नाही.

चेतकचीही गोष्ट त्यांनी मग काढली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. लोक स्कूटर नोंदवायचे, मग लग्न करायचे, मग पोर व्हायचं आणि मग स्कूटर यायची. इथे आकुर्डीत बनायची आणि इथल्याच माणसाला मिळायची नाही! म्हणून एक स्कूटर सगळ्या वाड्याची असायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाची मुलगी बघायला जायचं, चेतक मागून न्यायची. आता दुकानात गेलं की संध्याकाळी गाडी दारात, कर्ज त्यांचेच लोक देतात.

अहो, हो, सून धुराचंही बोलली होती, ते सांगायचं राहिलंच. माझ्या बहिणीचा नातू आहे ना, इंजिनिअरिंगचा, तो त्या आठवड्यात आला होता. मी त्याला विचारलं, बाबा रे, ही सून म्हणते तेवढं खरं का? तर म्हणाला, "आजी, एक लिटर पेट्रोल जाळलं की दोन किलो तीनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो." मी म्हटलं, मला वेड्यात काढतोस? लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो धूर कसा? तो हसला. म्हणाला, जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, म्हणून वजन वाढतं. बघा! आपण एवढी वर्षं स्वयंपाक केला, कधी धूर तोलला नाही.

मग त्याने चाकणचा हिशोब मांडला. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरा. मोठी पेट्रोलची गाडी, ट्रॅफिकमध्ये लिटरला पंधरा द्यायची म्हणजेसुद्धा उपकार. तरी रोजचे साडेसात किलोच्या वर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पावणेदोनशे-दोनशे किलो, एकट्या माणसाला ऑफिसला पोचवायला! म्हणजे वरच्या घरातली तीन मोठी माणसं एकत्र काट्यावर उभी केली तर जेवढं वजन, तेवढा धूर दर महिन्याला आकाशात. आणि कंपनीची बस? ती डिझेल जास्त पिते, पण भरलेली असली की चाळीस माणसांत वाटून माणशी एक किलोसुद्धा येत नाही. भरलेली असली तर, हं. रिकामी फिरवली तर तीही पापाची धनी.

तर मुलाला हे कळल्यावर तो काय म्हणाला? "मग इलेक्ट्रिक घेऊ, मोठी!" अगदी खुशीत. काही ठिकाणी टोल माफ, धूर नाही, नंबरप्लेट हिरवी. आणि मला विचाराल तर नंबरप्लेटचंच आकर्षण जास्त. सासूबाईंचाही चेहरा खुलला, कारण खालच्यांची पेट्रोलची आहे, आपली त्यांच्या वरची होईल.

सून म्हणाली, "वीज कुठून येते?"

झालं! आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशावरच ना. बहिणीचा नातू म्हणतो, एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. मोठ्या इलेक्ट्रिक गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा युनिट लागली तर साडेदहा किलो झाला. पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमीच, तिचा पंधराच्या घरात. पण पेट्रोलची साधी स्कूटर शंभर किलोमीटरला पाच किलोच सोडते! म्हणजे एकटा माणूस भली मोठी इलेक्ट्रिक गाडी घेऊन निघाला तर स्कूटरवाल्यापेक्षा दुप्पट धूर करतो, फक्त तो धूर इथे दापोडीत नाही, वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो. आणि इलेक्ट्रिक स्कूटर? तीन युनिट, दोन किलो. तिथेच सुनेने बोट ठेवलं. "घ्यायचीच तर ही घेऊ. एक. सगळ्यांत मिळून."

सगळ्यांत मिळून! या शब्दाला घरात किती वर्षांनी जागा मिळाली असेल...

तर शेवटी काय ठरलं, ते सांगते. मोठी गाडी कॅन्सल. मोटारसायकल आणि स्कूटी दोन्ही विकल्या. त्या पैशात थोडी भर घालून इलेक्ट्रिक स्कूटर. छोटी पांढरी गाडी ठेवली, गावाला जायला, रात्री-अपरात्री दवाखान्याला. चेतकला मात्र कुणी हात लावला नाही. तिला विकायचं नाव काढलं असतं तर सासरे घर सोडून गेले असते.

पण पुढची गंमत ऐका ना. स्कूटर आली, चार्ज कुठे करायची? मीटिंग! चेअरमन म्हणाले, कॉमन मीटरवर चालणार नाही, बिल सगळ्यांवर येतं. बरोबरच आहे हो, का द्यावं आपण? पण तेच चेअरमन जिन्याचा दिवा दिवसभर चालू ठेवतात, तेव्हा कॉमन मीटर नसतो का? हे मी म्हटलं नाही, मनात म्हटलं. मग कळलं की बॅटरी काढून वर नेता येते. आता रोज रात्री ती बॅटरी वर जाते आणि लावायला पॉइंट कुठला? देवघराशेजारचा! सासूबाई समई लावतात आणि बाजूला बॅटरी चार्ज होतेय. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर ओढणी टाकली, देवाला दिसू नये म्हणून. सून ओरडली, आई, गरम होते, झाकू नका! आता सरकवली म्हणे हॉलमध्ये, टीव्हीखाली.

आणि सासूबाईंचं आणखी एक सांगते, पण माझं नाव नको. मेट्रोला नाकं मुरडणाऱ्या या बाई माहेरी नगरला कशाने जातात? एसटीने! २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं ना, तेव्हापासून मुलगा म्हणतो गाडीने सोडतो तर नको म्हणतात. "एसटीत बसलं की चार माणसं भेटतात." मग मेट्रोत काय भुतं भेटतात का?

एसटीवरून आठवलं, आपले वर्कशॉपवाले अण्णा! आपल्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांची हयात गेली, बसच्या बॉड्या बांधण्यात. त्यांना हे प्रकरण कळल्यावर त्यांची छाती इतकी फुगली की विचारू नका. कट्ट्यावर सगळ्यांना परत तेच. १ जून १९४८, पहिली एसटी, नगर ते पुणे. आणि २०२२ ला त्याच १ जूनला, त्याच रस्त्यावर पहिली इलेक्ट्रिक शिवाई. "आमच्या रस्त्यावरच सगळं सुरू होतं," म्हणतात, जसा काही रस्ता त्यांच्या नावावर आहे. पण एक वाक्य बोलले ते मला आवडलं. म्हणाले, "बस रिकामी पळाली तर तोटा, गाडी रिकामी पळाली तर शान. हिशोब सगळ्यांना एकच लावा." आमचे हे तिथेच बसले होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं.

कारण आमच्या ह्यांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. कोथिंबिरीची जुडी आणायला शितळादेवी चौकापर्यंत स्कूटर! इंजिन तापतही नाही तोवर परत दारात. बहिणीचा नातू म्हणाला, थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं, आणि धूर स्वच्छ करणारी ती जाळी सायलेन्सरमधली, ती तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणजे अशा छोट्या फेऱ्यांचा धूर सगळ्यात घाण. मी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, मग मी लांब फिरून येतो! आता काय बोलायचं?

आणि आपण नुसती सरकारला नावं ठेवतो. ती निगडी-दापोडी बीआरटी, किती वर्षं बांधून पडली होती, २०१८ च्या ऑगस्टला सुरू झाली. बसला स्वतःचा रस्ता मिळाला आणि लगेच सगळ्यांना त्याच रस्त्यात घुसायचं सुचलं. घुसणारे कोण? आपलेच. मागे बसमध्ये पन्नास माणसं खोळंबलेली आणि पुढे एकटा मोटारीत, कानाला फोन.

तर काय सांगत होते... हां, आता मुलाचं. पहिले आठ दिवस चेहरा सुतकी. पहाटे उठायचं, नाशिक फाट्याला उभं राहायचं. आता म्हणे बसमध्ये त्यांचा ग्रुप झालाय, चाकण येईपर्यंत झोप नाहीतर क्रिकेट. रात्रपाळी असली की मात्र पांढरी गाडी काढतो, सून काही बोलत नाही. ती हट्टी नाही हो, हिशेबी आहे. नातीला आजोबा पायी शाळेत सोडतात. येताना गेटवर बाकीच्या आजोबांबरोबर उभे राहतात आणि शाळेतल्या सगळ्या बातम्या घेऊन येतात. जे माणूस घरात बोलत नव्हतं ते आता मला बातम्या देतं!

पण सगळ्यात मजा कुठे आली असेल, तर खाली. खालच्यांना कळलं की वरच्यांची गाडी येत नाही. तुम्हाला वाटेल ते खूश झाले असतील. छे! काकूंचा चेहरा असा पडला. कारण अक्षय तृतीयेपासून त्या वाट बघत होत्या, वरचे कुठली घेतात, मग आपली मोठी का त्यांची, ते ठरवायचं होतं. आता तुलनेला समोर कुणी उरलंच नाही. गाडी आहे, पण बघायला कुणी नाही! परवा मला विचारत होत्या, हळूच, "अहो, त्या मेट्रोचं कार्ड कुठे काढतात हो?" मी म्हटलं, स्टेशनवर. त्या म्हणाल्या, "नाही, शनिवार-रविवारी तीस टक्के सूट असते असं ऐकलं, म्हणून विचारलं." सवलतीचं कारण, हं! गाडी घेतल्यावर बाई मेट्रोचं कार्ड विचारते, यातच सगळं आलं.

आणि वरच्या सासूबाई? आता त्या भजनी मंडळात सांगतात, "आमच्या सुनेने दोन गाड्या कमी केल्या." आमच्या सुनेने! आधी "ती" होती. मी काही बोलले नाही. कशाला दुसऱ्याच्या घरातल्या सुखात काडी घालायची...

अगंबाई, त्याच येतायत वरून. पिशवी उचला, पिशवी उचला, मेथीचं बोला. आणि हो, जाता जाता... तुमच्याकडे सध्या किती गाड्या आहेत हो? नाही, नाही, सहज विचारलं.